चूक कोणाच्या नावावर? मेजर लीग बेसबॉलच्या क्लबमालकांना खुले पत्र

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
3 ऑक्टोबर 2025

माननीय क्लबमालक,

सादर नमस्कार. पत्रास कारण की, 16 नोव्हेंबर 2023 रोजी आपण तीसही क्लबांनी एकमताने ओकलंड अ‍ॅथलेटिक्सला लास वेगासला हलण्याची परवानगी दिलीत. त्याआधी आणि त्यानंतर या निर्णयाच्या बाजूने जे जे बोलले गेले, त्या सगळ्याचा सूर एकच होता, तो म्हणजे ओकलंडला संघ सांभाळता आला नाही. हा सूर मला मान्य नाही. आज 3 ऑक्टोबर आहे, आणि बरोबर तेरा वर्षांपूर्वी याच तारखेला मी या संघाच्या ओकलंडमधल्या स्टेडियममध्ये, म्हणजे कोलिसियममध्ये, बसलो होतो, म्हणून हे पत्र आजच लिहितो आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. गेली वीसहून अधिक वर्षे फ्रीमाँटला राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. इथल्या हजारो मराठी माणसांची ओळख याहून फारशी वेगळी नसेल. क्रिकेटवर वाढलेल्या मला बेसबॉल शिकवला तो ओकलंडच्या स्वस्त तिकिटांनी आणि घरापासून कोलिसियमपर्यंत थेट नेणाऱ्या बार्ट लोकलने. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या न्यूयॉर्कच्या कार्यालयाला वेगळी पाठवीत आहे. आधी मराठीत लिहिले याचे एक कारण असे की रागावर ताबा ठेवून लिहायचे तर मला मराठीच लागते. आणि दुसरे असे की हा संघ बे एरियातल्या मराठी घरांतलाही होता, याची नोंद कुठेतरी मराठीत असावी.

आपल्याला आठवण करून द्यायची आहे ती 2012 च्या हंगामाची. आदल्या वर्षी संघ 74 सामने जिंकला आणि 88 हरला होता. त्या हिवाळ्यात संघाने ट्रेव्हर केहिल, जिओ गोन्झालेझ आणि अँड्र्यू बेली हे तीन पिचर, म्हणजे आपल्याकडचे गोलंदाज, दुसऱ्या क्लबांना देऊन टाकले. तिघेही ऑल-स्टार सामन्यासाठी निवडले गेलेले होते. बदल्यात आले ते बहुतेक नवखे. व्यवस्थापनाचे लक्ष तेव्हा सॅन होजेला नवे स्टेडियम बांधण्याकडे होते, आणि ती परवानगी मिळेपर्यंत ओकलंडमध्ये नुसते दिवस काढायचे आहेत, अशीच आम्हा प्रेक्षकांची समजूत झाली होती. (त्याआधी 2006 मध्ये आमच्या फ्रीमाँटलाच स्टेडियम आणण्याची घोषणा झाली होती आणि 2009 मध्ये ती मागे घेतली गेली. जाहीर केलेल्या स्टेडियमची वाट पाहण्याचा सराव आम्हाला तेव्हापासूनचा आहे.) मीही त्या वर्षी तिकिटांवर पैसे घालवायचे नाहीत, असे घरी सांगून टाकले होते.

संघाच्या पगाराचा एकूण आकडा साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास होता. न्यूयॉर्क यांकीजचा त्या वर्षी वीस कोटींच्या जवळ होता. आमच्याकडे होते कोण? क्युबाहून आलेला योएनिस सेस्पेडिस, ज्याने अमेरिकेत एकही हंगाम खेळलेला नव्हता. बॉस्टनहून आलेला जॉश रेडिक, ज्याला तिथे कायमची जागा मिळाली नव्हती. ब्रँडन मॉस मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगच्या, करारावर आला होता. शॉन डूलिटल 2007 मध्ये फर्स्ट बेसमन म्हणून निवडला गेला, दुखापतींनी फलंदाजी संपवली, तेव्हा पिचर व्हायला शिकला आणि जूनमध्ये थेट मोठ्या संघात आला. जॉश डोनाल्डसन कॅचरचा थर्ड बेसमन झाला होता. आमच्याकडे कुणी यष्टिरक्षकाला शॉर्ट लेगला उभे करावे आणि त्याने तिथेच नाव काढावे, तसला हा प्रकार होता.

सुरुवात अपेक्षेप्रमाणेच झाली. मे महिन्याच्या अखेरीस लागोपाठ नऊ सामने हरले. 30 जूनला खात्यावर 37 विजय आणि 42 पराभव होते, आणि विभागात पहिल्या असलेल्या टेक्सस रेंजर्सपेक्षा संघ 13 सामन्यांनी मागे होता. ज्या मराठी वाचकांना हा हिशेब परका आहे त्यांच्यासाठी सांगतो: 162 सामन्यांच्या हंगामात निम्मे सामने झाल्यावर एवढे अंतर असले, की वर्तमानपत्रे त्या संघाच्या पुढच्या वर्षाबद्दल लिहू लागतात.

जुलैमध्ये हा संघ 24 पैकी 19 सामने जिंकला. त्यात यांकीजना कोलिसियमवर चारही सामन्यांत हरवले. मॉसने 84 सामन्यांत 21 होमरन (आपल्याकडचे षटकारच म्हणा) मारले, रेडिकने 32. यजमान संघाने शेवटच्या डावात विजयी धाव काढली की सामना तिथल्या तिथे संपतो आणि पाहुणे मान खाली घालून निघून जातात, त्याला इथे वॉक-ऑफ म्हणतात. असे विजय त्या हंगामात 14 होते. मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गुपचूप दोन तिकिटे काढली. घरात त्यावर कुणी काही बोलले नाही, हा सौजन्याचा भाग.

हे सगळे सुरळीत झाले असेही नाही. ऑगस्टमध्ये बार्टोलो कोलोनवर उत्तेजक द्रव्यांमुळे 50 सामन्यांची बंदी आली, आणि ती योग्यच होती. 5 सप्टेंबरला ब्रँडन मॅकार्थीच्या डोक्यावर फलंदाजाने मारलेला चेंडू थेट आदळला, कवटीला तडा गेला, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. दोन अनुभवी पिचर गेल्यावर जे उरले ते बहुतेक नवखे होते, आणि त्यांच्याच जोरावर मॅनेजर बॉब मेल्विन यांनी हंगाम शेवटापर्यंत नेला. नऊ सामने उरलेले असताना टेक्सस अजून पाच सामन्यांनी पुढे होते. शेवटचे तीन सामने ओकलंडमध्ये त्याच टेक्ससशी होते. पहिले दोन जिंकल्यावर दोन्ही संघ बरोबरीत आले, आणि 162 वा सामना विभागाचा विजेता ठरवणारा झाला.

तो बुधवार होता आणि सामना दुपारचा. मी ऑफिसला आजारी असल्याचे कळवले. नऊ वर्षांच्या मुलीच्या शाळेत काय कळवले ते इथे लिहीत नाही. कोलिसियममध्ये घरचे खाणे नेता येत असे, म्हणून डब्यात थालीपीठ होते. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या पुलावर पाणी आणि हॉटडॉग विकणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही पोचलो तेव्हा उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवरचे ढोल सुरू झालेले होते. हातातले स्कोअरकार्ड मुलीने स्वतः भरायचे ठरवले होते, पेन्सिलीने.

तिसऱ्या डावात टेक्सस 5-1 ने पुढे गेले. शेजारच्या रांगेतले एक आजोबा, जे 1968 पासून, म्हणजे संघ कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला त्या वर्षापासून येत होते, एवढेच म्हणाले की अजून वेळ आहे. चौथ्या डावात आमच्या धावा पुन्हा सुरू झाल्या. आमच्या कोको क्रिस्पच्या फटक्यावर दोघांनी धाव पूर्ण केली आणि 5-5 झाले. दोन बाद होते, दोन धावपटू बेसवर. सेस्पेडिसने चेंडू उंच मारला. झेल सोपा होता. टेक्ससच्या सेंटरफिल्डवरचा जॉश हॅमिल्टनसारखा खेळाडू पुढे धावत आला, चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागला आणि खाली पडला. दोन धावा. 7-5. त्यानंतर जो आवाज झाला त्यात बाकडे हलत होते असे मला वाटले, पण कदाचित मीच हलत असेन.

मुलीने माझा शर्ट ओढून विचारले, “बाबा, ही चूक मांडायची की हिट?”

बेसबॉलमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा असतो. धावा कशा निघाल्या हे अधिकृत स्कोअररला लिहावे लागते आणि चूक असेल तर ती कोणत्या क्षेत्ररक्षकाची हेही लिहावे लागते. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे आहेत. सेंटरफिल्डचा आकडा आठ. मी सांगितले, चूक. तिने रकान्यात लिहिले, ई-8. ई म्हणजे एरर, चूक. सामना 12-5 असा संपला, संघ 94 विजयांवर पोचला, आणि अख्ख्या हंगामात प्रथमच विभागात एकट्याने पहिल्या क्रमांकावर गेला, तोही शेवटच्या दिवशी. प्रेक्षक होते 36,067.

आठ दिवसांनी, 11 ऑक्टोबरला, डेट्रॉइटच्या जस्टिन व्हर्लँडरने आम्हाला 6-0 असे गप्प केले आणि प्लेऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधला, प्रवास पहिल्याच फेरीत संपला. हरल्यानंतरही लोक घरी गेले नाहीत. उभे राहून ‘लेट्स गो ओकलंड’ म्हणत राहिले, एवढे की खेळाडू बाहेर येऊन टोप्या हलवू लागले. या शहराला संघ सांभाळता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ती पाच मिनिटे पाहावीत.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार आकड्यांबद्दल आहे. 2011 मध्ये कोलिसियमवर सुमारे 14 लाख 77 हजार प्रेक्षक आले होते. 2012 मध्ये 16 लाख 79 हजार, 2013 मध्ये 18 लाख 9 हजार आणि 2014 मध्ये 20 लाखांच्या वर. संघ लढू लागला तसे लोक दरवर्षी वाढत गेले, आणि तेही अशा स्टेडियममध्ये जिथे वरचे मजले ताडपत्रीने झाकलेले होते आणि जिथे 2013 च्या जूनमध्ये खेळाडूंच्या खोल्यांत सांडपाणी तुंबले होते. त्याआधीही आणि त्यानंतरही हेच दिसते. 2023 मध्ये 112 सामने हरणाऱ्या संघाला संपूर्ण हंगामात 8,32,352 प्रेक्षक मिळाले, हा आकडा आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. त्याच हंगामातला 13 जूनचा आकडा मात्र कुणी सांगत नाही. त्या मंगळवारी रात्री प्रेक्षकांनी आपसांत ठरवून हजेरी लावली, 27,759 लोक आले, बहुतेकांच्या हिरव्या टी-शर्टवर क्लब विकून टाका एवढीच मागणी होती, आणि संघाने टॅम्पा बेला 2-1 असे हरवले. म्हणजे लोक होते. ज्यासाठी यायचे ते नव्हते.

दुसरी तक्रार याच्याशी जोडलेली आहे. 2012 चा संघ ज्या पद्धतीने उभा राहिला त्याच पद्धतीने तो मोडला गेला, आणि इथे मला प्रेक्षक म्हणून स्वतःचीही फसगत कबूल केली पाहिजे, कारण ही पद्धत आम्हाला हुशारी म्हणून विकली गेली आणि आम्ही ती कौतुकाने विकत घेतली. सेस्पेडिसला जुलै 2014 मध्ये दिले, संघ बेसबॉलमधल्या सर्वोत्तम संघांत असताना. डोनाल्डसनला त्याच नोव्हेंबरात टोरोंटोला दिले आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. रेडिक 2016 मध्ये गेला, डूलिटल 2017 मध्ये. मग 2018 मध्ये पुन्हा नवख्यांनीच कमाल केली: 75 विजयांवरून 97 वर, पगाराचा आकडा पुन्हा तळाजवळ. आणि 2022 च्या वसंतात मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया असे एकापाठोपाठ एक निघाले. माझ्या मुलीच्या कपाटात चार जर्सी आहेत. चारही नावे दुसऱ्या गावांत खेळली. लहान मुलाला एखाद्या खेळाडूचे नाव पाठीवर घालावेसे वाटते आणि त्याचा बाप किंमत पाहण्याआधी करार किती वर्षांचा उरला आहे ते पाहतो, ही सवय ओकलंडने आम्हाला लावली. प्रेक्षक आणि संघ यांच्यातला धागा असा दर तीन वर्षांनी कापत राहायचे आणि मग धागाच नव्हता म्हणायचे, याला मी चूक म्हणतो. ती ज्याच्या हातून झाली त्याच्या नावावर ती लिहिली गेलेली नाही.

तिसरी तक्रार आपल्या मतदानाच्या पद्धतीची. तीन-चतुर्थांश मते पुरेशी असताना तीसपैकी तीस मिळाली. एकाही मालकाला शंका वाटली नाही, यावर विश्वास ठेवणे मला जड जाते. स्थलांतराचे शुल्क माफ झाले. नेव्हाडा राज्याने 38 कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर केला. दरम्यान 2024 नंतरच्या भाडेकरारावर ओकलंडशी चाललेली बोलणी फिसकटली, आणि आज हा संघ सॅक्रामेंटोच्या सुमारे 14 हजार क्षमतेच्या, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मायनर लीग संघाच्या मैदानावर खेळतो. त्याच्या नावापुढे गावाचे नाव नाही. नुसतेच अ‍ॅथलेटिक्स. घर बदलताना सामान रस्त्यावर ठेवतात, तसे तीन हंगाम तिथे काढायचे आहेत.

ओकलंड शहर निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. बंदराच्या जागेवरच्या नव्या स्टेडियमची योजना वर्षानुवर्षे रखडली, त्यात महापालिकेचाही वाटा होता. अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि बास्केटबॉलचा संघ याच शहरातून आधी निघून गेले होते, हेही खरे. कोलिसियम कुरूप होते. 1990 च्या दशकात फुटबॉलसाठी बांधलेल्या उंच सज्ज्याने टेकड्यांचे दृश्य झाकले ते झाकलेच. पण यातले काहीही असे नाही की ज्यावर आपल्याला उत्तर काढता आले नसते. सॅन होजेचा प्रश्न अभ्यासण्यासाठी 2009 मध्ये नेमलेली समिती पुढची कितीतरी वर्षे नुसती अभ्यासच करीत राहिली, तेव्हा आपल्याला घाई नव्हती. लास वेगासच्या वेळी मात्र झाली.

आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यातली एकही अशक्य नाही.

स्थलांतराची शिफारस करणाऱ्या मालकांच्या समितीचा अहवाल पूर्ण जाहीर करावा. आपण कोणत्या आकड्यांवर मत दिले ते आम्हाला वाचायचे आहे. आमचे आकडे वर दिलेच आहेत.

1968 ते 2024 या काळातल्या वस्तू ओकलंडमध्ये राहाव्यात. अ‍ॅथलेटिक्स हे नाव 1901 मध्ये फिलाडेल्फियात ठेवले गेले, हिरवा-सोनेरी रंग कॅन्सस सिटीत चढला. ते आम्ही मागत नाही, ते आमचे नाहीतच. पण 1972, 1973, 1974 आणि 1989 चे विश्वविजेतेपदाचे चषक, त्या वर्षांचे झेंडे, रिकी हेंडरसनसारख्या ओकलंडमध्येच वाढलेल्या आणि आता आपल्यात नसलेल्या खेळाडूच्या वस्तू, आणि होय, 2012 चा विभागविजेतेपदाचा झेंडा, हे सगळे ओकलंडच्या संग्रहालयाकडे सोपवावे. वाळवंटातल्या नव्या इमारतीत शोभेसाठी ते लावले जाऊ नये.

श्रीमंत क्लबांच्या उत्पन्नातून गरीब क्लबांना जो वाटा मिळतो, तो खेळाडूंवर किती खर्च झाला याचा हिशेब प्रत्येक क्लबाने दरवर्षी जाहीर करावा, आणि पगाराच्या एकूण रकमेला एक किमान मर्यादा असावी. खेळाडू संघटनेशी असलेला आपला करार डिसेंबर 2026 मध्ये संपतो आहे. हा मुद्दा त्या वाटाघाटींत घ्यावा. संघटनेचा किमान मर्यादेला विरोध का असतो याची मला कल्पना आहे, कारण किमानामागून कमालही येते. तरीही निदान हिशेबावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नसावी.

आणि लीगमध्ये दोन नवे संघ घेण्याची चर्चा जेव्हा केव्हा सुरू होईल, तेव्हा ओकलंडचा अर्ज इतर शहरांच्या बरोबरीने ऐकून घ्यावा. वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कवर 2024 पासून ओकलंड बॉलर्स हा छोटा संघ खेळतो आहे. त्याचे सामने मी पाहतो. ढोलवाले तिथे पोचलेले आहेत.

26 सप्टेंबर 2024 रोजी कोलिसियमवर शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी पुन्हा टेक्सस, निकाल 3-2 आमच्या बाजूने, प्रेक्षक 46,889. मुलगी आता कॉलेजात आहे. ती तिकडून आली, मी ऑफिसातून, आणि आम्ही दोघे पुलावर भेटलो. 1968 चे आजोबा कुठे दिसले नाहीत. त्यांच्या रांगेकडे आम्ही दोनदा जाऊन आलो.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो. कळावे.

आपला,
फ्रीमाँटचा एक प्रेक्षक

ता. क. : इंग्रजी प्रतीसोबत 3 ऑक्टोबर 2012 च्या स्कोअरकार्डाची झेरॉक्स जोडली आहे. चौथ्या डावाच्या रकान्यावर जो डाग दिसतो तो थालीपिठाच्या तेलाचा आहे. त्याच्या शेजारचे ई-8 नीट वाचता येते.